परतीचा नमस्कार

शेखर वाकला आणि त्यासरशी आदिनाथही वाकला. मधे विचाराला जागाच नव्हती. समोरचा माणूस कमरेत मोडताना दिसला की आपणही मोडायचं, त्याचे हात आपल्या पायांना लागायच्या आत आपले त्याच्या पायांना लागले पाहिजेत, ही शिकवण त्याच्या डोक्यात कधी नव्हतीच. ती पाठीत होती. त्याची बोटं शेखरच्या बुटाला लागली, जाड पांढऱ्या तळाच्या, धुळीचा कण नसलेल्या बुटाला, आणि तिथून सवयीनं स्वतःच्या कपाळाला. मग दोघांची डोकी टेबलाखाली एकमेकांवर आपटली. "अहो काका! चार्जर! चार्जर लावतोय मी," शेखर डोकं चोळत हसला आणि काचेपलीकडं बसलेल्या दोन मुलींनी तोंडावर हात धरले. आदिनाथही हसला. हसण्यावाचून दुसरं काय करणार? पण हसताना त्याला बोटांना रबराचा वास आला, आणि तो वास आता कपाळावर, बुक्का लागतो त्या जागी बसला आहे, हे त्याला जाणवलं. आजवर तो कुणाकुणापुढं वाकला नव्हता? बीडकडच्या आपल्या गावी बापानं मानेवर हात ठेवून त्याला वाकवलं होतं तेव्हापासून, महाराजांपुढं, पखवाजवाल्यापुढं, वायरी गुंडाळणाऱ्या स्पीकरवाल्यापुढं; एकदा चिखलीच्या सप्ताहात मांडवाच्या खांबाला धरून झुलणाऱ्या एका झिंगलेल्या माणसापुढंही. तो माणूस रडत उलट वाकला होता. वाकल्याची लाज कधी वाटली नव्हती. आज त्यानं टेबलाखाली बोटं पँटला पुसली, आणि पुसली म्हणून त्याला स्वतःचाच राग आला.

खोली थंड होती, कोणीतरी फुंकून थंड केल्यासारखी. कोपऱ्यातलं एक यंत्र मधूनच फुस्स करून मोगऱ्याचा वास सोडत होतं. मोगरा म्हणजे कीर्तनकाराच्या गळ्यातला हार, घामानं भिजून रात्री उशिरा जास्तच वास देणारा. हा मोगरा तसा नव्हता, हा बाथरूम धुतल्यावरचा होता. समोरच्या कॉफीवर साय धरली होती, तिला मधोमध सुरकुती पडली होती. बाहेर खाली महामार्ग वाहत होता, वाकडकडून पिंपरीकडं, आणि काचेमुळं त्याचा आवाज इथवर येत नव्हता. आवाज नसलेली वाहनं बघितली की आदिनाथला आपला बहिरा झालेला डावा कान आठवायचा. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये त्यानं तो कान ठेवून दिला होता. उरलेल्या एका कानानं तो कीर्तन ऐकायचा. मांडवात नेहमी डाव्या अंगाला बसायचा, म्हणजे उजवा कान टाळकऱ्यांकडं राहील. आणि त्या उरलेल्या कानासाठीच तर तो आज शेखरच्या कंपनीत विक्रीच्या कागदावर सही करायला आला होता.

'सप्ताहसोबत' ही साइट त्यानं सुरू केली तेव्हा धंदा म्हणून केलीच नव्हती. सोसायटीचा सप्ताह होता, काल्याच्या कीर्तनाचे महाराज आयत्या वेळी आजारी पडले आणि सगळी मंडळी हातात फोन घेऊन वेड्यासारखी फिरली. तेव्हा त्यानं ठरवलं, कीर्तनकार, मृदंगमणी, गायक, आचारी, मांडववाले, पखवाजाला शाई भरून देणारे, सगळ्यांचे नंबर एका जागी पाहिजेत. पोरीनं, तेजलनं, रविवारी बसून साइट बांधून दिली. मग मांडववाले जाहिरात द्यायला आले, मग फुलवाले, पत्रावळीवाले. चाकणपासून राजगुरुनगरपर्यंत गावोगाव नाव झालं. आणि मग हळूहळू त्याचा कान नासत गेला. महाराज मंडळी फोन करून विचारू लागली, "आदिनाथराव, आमचा फोटो खाली का गेला? त्या कालच्या पोराचा वर कसा?" तो मांडवात बसायचा, निरूपण रंगात यायचं, सगळे टाळ एका क्षणी थांबायचे, त्या थांबण्यासाठीच तर माणूस इतक्या लांबून येतो, आणि नेमकं त्या शांततेत त्याच्या मनात यायचं, की ह्या स्पीकरवाल्याची जाहिरात संपत आलीय. एकदा तर महाराज लेकरू हरवलेल्या आईचा दाखला देत होते, बाया पदरानं डोळे पुसत होत्या, आणि हा मनातल्या मनात महाराजांना साइटवर देतात तसे तारे देत बसला होता. घरी येऊन तो जेवला नाही. "विकून टाका एकदाचं," कस्तुरा, त्याची बायको, ताट झाकत म्हणाली, "देवाचं ऐकायला जाता आणि बाजार करून येता." म्हणून तो विकत होता. कान परत पाहिजे होता, बस.

"आता बघा काका, महिन्याभरात तुमच्या बाळाचं आम्ही काय केलंय," शेखर म्हणाला आणि भिंतीवरचा मोठा पडदा उजळला. महिन्याभरापूर्वी, तपासणीसाठी म्हणून, आदिनाथनं साइटची किल्ली ह्यांच्या हाती दिली होती. घर विकताना गिऱ्हाइकाला मोरी, माळा दाखवावा लागतो, तसंच हे, असं त्याला वाटलं होतं. पडद्यावर महाराजांचे चेहरे चौकटीत ओळीनं लागले. प्रत्येकाखाली तासाचा भाव. एका म्हाताऱ्या महाराजांच्या फोटोवर राखाडी पट्टी होती. "हे कमी चालतात," शेखर म्हणाला. त्या महाराजांच्या तोंडून आदिनाथनं एकदा पहाटेपर्यंत ऐकलं होतं, घरी चालत जाताना रस्ता पायाला लागत नव्हता. त्यानं कॉफीवरची साय चमच्यानं बाजूला केली. ती चमच्याला चिकटून लोंबली. त्यानं चमचा खाली ठेवला.

"पण हे सगळं किरकोळ," शेखर पुढं झुकला. पोरगा वाईट दिसत नव्हता. बोलताना डोळ्यांत बघायचा, काका म्हणताना आवाज खरंच मऊ व्हायचा. "खरं सांगू? सप्ताह, जाहिराती, ह्यात आम्हाला रस नाही. सोनं तुमच्याकडं दुसरीकडंच आहे. दहाव्याच्या पानावर. ते आवाजाचं कुणाला सुचलं हो?"

"मला," आदिनाथ म्हणाला, आणि त्याही स्थितीत त्याला किंचित बरं वाटलं.

कारण ती एकच गोष्ट त्याला मनापासून आवडलेली होती. दहाव्याला घाटावर प्रवचन असतं. बाहेरगावचे महाराज येतात, गेलेल्या माणसाला त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. मग ते सगळ्यांना तेच ते बोलतात, की माणूस प्रेमळ होता, कष्टाळू होता. घरची माणसं खाली बघत ऐकतात, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय. आदिनाथला ते टोचायचं. म्हणून त्यानं सोय केली होती: घरच्यांनी फोनमध्ये दोन मिनिटं बोलावं, गेलेलं माणूस कसं होतं ते. गावाकडं लिहायला कोण बसतं? बोलायला मात्र सगळ्यांना येतं. ते बोलणं महाराजांकडं जायचं, आणि महाराज घाटावर उभं राहून खऱ्या माणसाबद्दल बोलायचे. बाया मान वर करायच्या. व्हय, असंच होतं आमचं मानूस.

"ऐका," शेखर म्हणाला आणि बोट टेकवलं.

खोलीच्या छतातून, चारी कोपऱ्यांतून, कुशाबाई बोलू लागल्या. "म्हाराजांना सांगा, आमचं मानूस लई बोलकं न्हवतं. ईना घ्यून हुभं ऱ्हायलं की पाय हालायचा न्हाई. कांदा फोडला की आर्धा मला देयाचं, मगच त्वांडात घालायचं. लगीन झाल्यापासनं. कदी चुकलं न्हाई..." इथं त्या थांबल्या होत्या, आणि त्या थांबण्यात मागं कुठंतरी कोंबडा ओरडलेला ऐकू येत होता. आदिनाथला ते थांबणं पाठ होतं, कारण त्यानंच ते महाराजांना पाठवलं होतं. निघोजेचे तात्याबा, त्यांचे यजमान. सप्ताहभर वीणा जमिनीला टेकू द्यायची नसते, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात घालायची; तात्याबांचा पहारा आला की बाकीचे निवांत झोपायचे. "...धाकला येगळा ऱ्हातो. दोन वर्सं झाली, बापाशी बोलला न्हाई. म्हाराजांनी नाव न घेता सांगावं काय तरी. त्याच्या काळजाला लागंल असं. वढ्याकडचं वावर दोघांत वाटून द्यायचं ऱ्हाऊनच गेलं..."

"बास," शेखरनं आवाज तोडला. "बघा आता." कुशाबाईंच्या बोलण्यातले तुकडे पडद्यावर रंगीत होऊन वेगळे झाले. धाकटा वेगळा: लाल. वाटणी झालेली नाही: लाल. ओढ्याकडची जमीन: त्यापुढं एक नकाशा उघडला, निघोजेचा, कारखान्यांच्या निळ्या छपरांमध्ये चिमटीत धरल्यासारखा एक हिरवा तुकडा. "मशीन आपोआप काढतं. बाकीचे जमिनीचे एजंट सातबारा धुंडाळत बसतात, काका. आपल्याला घरात काय चाललंय ते कळतं, आणि तेही दहावं व्हायच्या आत. चाकण पट्ट्यात ह्याला काय किंमत आहे, ठाऊक आहे?"

कांदा फोडला की अर्धा मला द्यायचा, ह्या वाक्याला मशीननं काहीच रंग दिला नव्हता. ते पांढरंच राहिलं होतं, कामाचं नाही म्हणून. आदिनाथच्या डोळ्यांपुढं तात्याबांच्या दहाव्याचा घाट आला. महाराज कांद्यापासूनच सुरू झाले होते. बोलता बोलता त्यांनी चाल धरली, दोघं टाळकरी मागं उभे राहिले, आणि गाता गाता महाराज म्हणाले, घरात वीणा खाली टेकली तर घराचा सप्ताह मोडतो; बाप गेला, आता गळा कुणाचा? नाव घेतलं नाही. बघितलंही नाही कुणाकडं. पण मागं, पुरुषांच्या गर्दीच्या कडेला, बाइकच्या टाकीवर बसून ऐकणारा धाकटा निरंजन उतरला, चिखलातून तसाच पुढं आला आणि थोरल्या भावाच्या खांद्यावर कपाळ टेकून असा हुंदका दिला की कावळ्याकडं बघणारी माणसंही वळली. त्या दिवशी आदिनाथला वाटलं होतं, आपलं हे सगळं वेडंवाकडं दुकान निदान एकदा कामी आलं. महिनाभर कुठल्याही कीर्तनात न लागलेला कान त्या घाटावर लागला होता. आणि त्याच वेळी, त्याच आवाजाचे तुकडे करून इथं कोणीतरी बसलं होतं, थंड खोलीत, मोगऱ्याच्या वासात.

"हे... हे तर महाराजांसाठी होतं," तो म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला एकाच कानात ऐकू आला.

"हो ना! तेच तर. लोक महाराजांपाशी खोटं बोलत नाहीत." शेखर हे कौतुकानं बोलला. "सुजित आहे आमचा, फिल्डवरचा. लई गुणी पोरगा, सप्ताहसोबतचा म्हणूनच जातो घरोघर. गळ्यात माळ घातली त्यानं ह्या कामासाठी, मटण सोडलं म्हणे. मी म्हटलं, अरे खोटी घाल, तर नाही! आज तिथंच आहे निघोजेला. धाकट्याच्या हिश्श्याची विसारपावती होतेय आज. थोरल्याला कळायच्या आत उरकायचं म्हणतोय."

"हे पुसून टाका."

"काका..."

"माझ्यादेखत पुसा."

शेखर खुर्चीत मागं रेलला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट एखाद्या आजाऱ्याची समजूत घालावी तसा भाव होता. "सही करा, नका करू, तुमची मर्जी. पण महिन्याभराचं आलंय ते आमच्याकडं आलंच, काका. तपासणीच्या कागदात होतं ते, तुम्हीच संमती दिलीय. आणि बिघडलं काय ह्यात? जमीन कुणीतरी घेणारच. आपण निदान गोड बोलून घेतो." त्यानं पेन पुढं सरकवलं. यंत्रानं फुस्स केलं. आदिनाथ उठला. शेखरही उठला आणि निरोपाला म्हणून हलकासा झुकला, थट्टेनं की खरंच, कळलं नाही; आदिनाथची पाठ पुन्हा निघाली होती, ती त्यानं टेबलाची कड पकडून थांबवली. खाली पार्किंगमधून त्यानं गाडी काढली आणि निघोजेचा रस्ता धरला.

भोसरी, मोशी. कंटेनरच्या रांगा, त्यांच्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नव्या कोऱ्या मोटारी, अजून कुणाच्याच न झालेल्या. त्यानं निघोजेला फोन लावला, कुशाबाईंचा फोन बंद. निरंजनचा नंबर त्याच्यापाशी नव्हता, शेखरपाशी होता. इंद्रायणीच्या पुलावर वाहनं अडकली. खाली नदीवर फेस होता, पांढरा, फुगलेला, साबणाच्या बादलीसारखा, आणि वाऱ्यानं त्याचे गोळे सुटून काठाच्या झाडांत अडकत होते. काठावर एक बाई त्यातच हात घालून फेस दोन्हीकडं सारत होती, मध्ये उघडं पडलेलं काळं पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावत होती. एरवी आदिनाथनं मनोमन तिच्यापुढं हात जोडले असते. आज त्याला ती ओंजळच दिसली, आणि वाटलं, मीही हेच करत होतो; फेस सारून घेत होतो आणि खालच्या पाण्याला पाणी म्हणत होतो. मांडवात बसून तारे देणारा तो मीच. शेखरनं नवीन काय केलं? लोकांच्या श्रद्धेपुढं माझी पाटी मी आधीच लावली होती, त्यानं ती फक्त जरा आत नेऊन ठोकली. पण नाही. हेही खरं नाही. घाटावरचा तो हुंदका खोटा नव्हता. त्या हुंदक्याला तरी मी कुणाची पाटी लावली नव्हती. मागून हॉर्न वाजले. "ओ काका, झोपलात काय? चला राव!" कपाळावर घाम आला होता, तो पुसताना पुन्हा रबराचा वास आला, की आल्यासारखं वाटलं. कुरुळीच्या फाट्यावर एका टपरीपाशी उतरून त्यानं तोंड धुतलं, कपाळ चोळून चोळून धुतलं, टपरीवाला बघत राहिला.

निघोजेत तात्याबांच्या घरापुढं एक पांढरी गाडी उभी होती. ओट्याखाली चपलांच्या शेजारी बूट काढून ठेवलेले, जाड पांढऱ्या तळाचे. ह्यांना मात्र धूळ लागली होती. कुशाबाई अंगणात मेथी निवडत होत्या. त्याला बघून त्यांचं तोंड उजळलं. "या माउली, या! आज वाट कशी वाकडी केली?" म्हणत त्या गुडघ्याला हात लावून उठल्या आणि रीतीप्रमाणं वाकल्या. आदिनाथ दोन पावलं मागं सरला.

"नको, कुशाबाई. वाकू नका."

"का वो?" त्या तशाच अर्ध्या वाकून वर बघू लागल्या. "सुतक फिटलं की आता. तेरावं न्हाई का झालं?"

त्यानं सांगितलं. अंगणात उभ्या उभ्या, आडवळण न घेता सांगितलं: तुम्ही महाराजांसाठी जे बोललात ते मी राखलं नाही, ते ह्या लोकांच्या हाती गेलं, घरात बसलेला माणूस त्याच्यावरूनच आलाय. कुशाबाईंच्या हातात मेथीची काडी होती, ती त्या बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

"म्हंजी माझं बोलनं त्यांनी आयकलं?"

"हो."

"समदं?"

"सगळं."

"कांद्याचं बी?"

"कांद्याचंसुद्धा."

त्यांनी पदर ओढून घेतला, उघड्यावर अंग धुताना कोणी आल्यासारखा. मग दाराकडं बघत, दुसऱ्याच कुणाला सांगावं तशा म्हणाल्या, "सकाळी जेवाय बसला, तवा मला म्हनला, आजी, तात्याबांवानी कांदा फोडून आर्धा द्या की मला. माझ्या डोळ्यांस्नी पानी आलं. म्या म्हनलं, केवढं मायेचं लेकरू. दिला की म्या. ह्या हातानं दिला." त्यांनी हात पुढं धरून बघितला आणि अंगणाच्या कडेला जाऊन थुंकल्या. "थोरला कामावं हाय. पयली शिफ्ट सुटंस्तवर यायचा न्हाई. तुमी आत चला. तुमच्याच नावानं आलाय त्यो, तुमीच सांगा त्याला."

आत पलंगावर निरंजन बसला होता, मांडीवर कागद, हातात टोपण काढलेलं पेन. खुंटीला तात्याबांची वीणा अडकवलेली, तिच्यावर फडकं. जमिनीवर बसलेला पोरगा चटकन उठला. कपाळी बुक्का, गळ्यात नवी कोरी माळ, तिचे मणी अजून घामानं काळे पडले नव्हते. तोंडाला कांद्याचा वास. "राम कृष्ण हरी! आदिनाथ माउली ना तुम्ही? आमचे शेखरसर नेहमी सांगतात..." आणि तो वाकला. चांगला वाकला, गुडघे टेकवून, डोकं पायांवर ठेवून, कुणीतरी नीट शिकवल्यासारखा.

आदिनाथच्या पाठीत ती जुनी हालचाल सुरू झाली. मान उतरू लागली, खांदे पुढं आले, हात सुटले. दारात कुशाबाई उभ्या होत्या. त्याला त्या दिसत नव्हत्या, डाव्या अंगाला होत्या, ऐकूही येत नव्हत्या. त्यानं हात मागं नेले, एका हातानं दुसरं मनगट धरलं आणि तो ताठ उभा राहिला. कमरेतून एक कळ उठली. आयुष्यात कधी न केलेली गोष्ट करताना शरीर दुखतं, हे त्याला कुठल्याच कीर्तनात कुणी सांगितलं नव्हतं.

"निरंजन," तो म्हणाला, "पेन ठेव. घाटावर महाराज तुझ्याविषयी बोलले, ते त्यांना कुणी सांगितलं होतं ते तुला ठाऊक नाही. आणि ह्याला कुणी सांगितलं, तेही ठाऊक नाही. दोन्ही सांगतो."

निरंजननं आईकडं बघितलं. मग पेनाचं टोपण शोधू लागला.

सुजित अजून खालीच होता. डोकं पायांवर ठेवलेलं, खांद्याला धरून कुणी वर उचलील म्हणून वाट बघत.